तीन किलोवॉट बसवण्याआधी: इंदिरानगरच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकला इंदिरानगरात तुमचं रो हाऊस आहे, गच्ची स्वतःची आहे, घरात सासूबाई धरून पाच माणसं. वापर पावसाळ्यात महिन्याला २८० युनिटच्या आसपास, थंडीत गिझरमुळे ३३०, आणि मार्च ते जून ४०० च्या वर. शेजाऱ्यांनी तीन किलोवॉटचं सोलर बसवलं आणि त्यांचं बिल स्थिर आकारापुरतं उरलं. तुमच्याकडे आलेल्या वेंडरने मात्र पाच किलोवॉट सुचवलंय. भावाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, तो सौर पंपाचा विचार करतोय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "प्लेटा बसवल्या की पर्यावरणासाठी आपल्या वाट्याचं काम झालं असं समजायचं का, की आधी दुसरं काही करायला हवं?"

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. घरं, कारखाने आणि शेतं यांच्या वीजवापराची तपासणी आणि सोलरची उभारणी हेच माझं काम आहे, आणि त्यात वीसेक वर्षं गेली. लोक बहुतेक वेळा एवढंच विचारतात की पैसे किती वर्षांत वसूल होतील. विचारणं रास्तच आहे, कष्टाचा पैसा आहे. पण त्या एकाच प्रश्नावर निर्णय घेतला की गच्चीवरचं ऊन बिल कमी करण्यापुरतं वापरलं जातं, आणि त्याच उन्हातून होण्यासारखी मोठी कामं तशीच राहतात.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. सोलर बसवा, पण पाच नको, तीनच. त्याआधी घराचा वापर सव्वादोनशे युनिटवर आणा. आणि त्यामुळे जी वीज शिल्लक पडेल तिच्यावर अर्धा गॅस आणि स्कूटरचं पेट्रोल चालवा. शेजाऱ्यांचे तीन किलोवॉट जेवढं काम करतात त्याच्या दीडपट काम तुमचे तीन किलोवॉट करू शकतात. आता हे कसं, ते आकड्यांनी बघू.

आपल्याकडे एक किलोवॉटचं सोलर वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिटच्या जवळपास देतं, म्हणजे वर्षाला १,४०० युनिट. मार्च ते मे महिन्यांत ते पाचपर्यंत जातं, जुलै-ऑगस्टमध्ये ढग दाटले की दोन-अडीचवर येतं. नाशिकची थंडी सोलरला मानवते. दिवस लहान असला तरी आकाश स्वच्छ असतं आणि प्लेट थंड राहते. तापमान एक अंशाने वाढलं की प्लेटची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, म्हणून मे महिन्यातल्या कडक उन्हात प्लेट रखरखीत तापते तेव्हा ती आपल्याला वाटतं तेवढी वीज देत नाही. तर तीन किलोवॉटचे वर्षाला ४,२०० युनिट. तुमचा वर्षाचा वापर मी बेरीज करून पाहिला, तो येतो साधारण ४,१००. म्हणजे आज आहे त्या वापरावर सरळ तीन किलोवॉट बसवलं तरी बिल जवळपास संपतं. शेजाऱ्यांनी हेच केलं आणि त्यात चूक काही नाही.

पण तुमचे हे ४,१०० युनिट जातात कुठे, ते एकदा बघा.

थंडीत सगळ्यात जास्त वीज अंघोळीचं पाणी खातं. हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. वीस लिटरची बादली १८ अंशांवरून ४० अंशांपर्यंत न्यायला अर्धा युनिट लागतो. त्यात कोणी सवलत देत नाही, पाच स्टारचा गिझर आणला तरी बादलीचा अर्धा युनिट ठरलेला. स्टार वाढल्याने फक्त टाकीतून बाहेर झिरपणारी उष्णता कमी होते. पाच माणसांच्या पाच बादल्या, भांड्यांना थोडं कोमट पाणी आणि टाकीतली गळती धरली की दिवसाला तीन युनिट होतात. महिन्याला नव्वद. ही नव्वद युनिट वीज तुम्ही केवळ पाणी कोमट करायला वापरताय, आणि त्या कामाला विजेची गरजच नाही. ऊन थेट पाण्यात घालता येतं. चांगली प्लेट उन्हाचा पाचवा हिस्सा विजेत बदलते. सोलर वॉटर हीटर त्याच उन्हाचा निम्म्याहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने पाण्यात उतरवतो. म्हणून गच्चीवर जागा असताना अंघोळीचं पाणी प्लेटेच्या विजेवर तापवणं मला पटत नाही. पाच माणसांना दीडशे ते दोनशे लिटरचा हीटर पुरतो.

इथे दोन गोष्टी सांभाळा. बोअरचं पाणी वापरत असाल तर काचेच्या नळ्यांचा घ्या. तांब्याच्या नळ्यांचा सपाट हीटर चांगला टिकतो, पण जड पाण्यात त्या बारीक नळ्यांत क्षार बसतात आणि तीन-चार वर्षांत पाणी नीट फिरत नाही. दुसरं म्हणजे गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप. गरम पाणी येईपर्यंत आधी बादलीभर गार पाणी वाया जातं, आणि मग घरातली माणसं कंटाळून पुन्हा गिझरचं बटण दाबतात. हीटर न्हाणीघराच्या जमेल तेवढा वर आणि जवळ ठेवा, पाइपावर जाड फोमचं वेष्टण घाला. हे काम प्लंबर टाळतात, कारण दिसत नाही. उभं राहून करून घ्या. पावसाळ्यातल्या आठ-पंधरा अंधाऱ्या दिवसांसाठी जुना गिझर काढू नका.

मग पंखे. साधा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा तीसच्या आसपास. फरक ४५ वॉटचा, ऐकायला किरकोळ. पण तुमच्याकडचे चार पंखे दिवसाला बारा-बारा तास फिरत असतील तर दिवसाला दोन युनिटच्या वर वाचतात, महिन्याला साठ-पासष्ट. घरातलं इतकं सोपं दुसरं काम मला माहीत नाही. एलईडी दिवे तुम्ही लावलेच असतील, त्यावर वेळ घालवत नाही.

फ्रिज किती जुना आहे ते लिहिलेलं नाही. पंधरा वर्षांचा असेल आणि दाराचं रबर सैल झालं असेल तर तो दिवसाला दोन युनिट सहज खातो. आजचा त्याच मापाचा चांगला फ्रिज एकाच्या आत भागवतो. चालू वस्तू टाकून नवी आणणं हे मला एरवी आवडत नाही, कारण नवी वस्तू बनवायलाही ऊर्जा आणि माल लागतोच. पण चोवीस तास, बारा महिने चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हिशेब बदलण्याच्या बाजूने जातो. मिक्सर, इस्त्री, टीव्ही यांच्या बाबतीत जात नाही, ते चालतंय तोवर चालू द्या.

उन्हाळ्याचा प्रश्न नाशिकपुरता वेगळा आहे. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना आठवत असेल, मे महिन्यात दुपारी माजघरात पंख्याशिवाय बसता यायचं. जाड भिंती, मधला चौक, वर माळा. आपल्या रो हाऊसला वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेला सहा इंचाची भिंत. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. त्यावर पांढरा परावर्तक रंग दिला तर वरच्या मजल्यातला फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो, आणि सोलर प्लेटांची सावली हा त्यातला फुकटचा फायदा. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते, त्यामुळे डेझर्ट कूलर इथे फार चांगला चालतो. कूलरला दीडशे-दोनशे वॉट पुरतात. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला एक युनिटच्या घरात जातो. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा पंधरा-वीस दिवस एसी लावा, २६ अंशांवर आणि पंखा सुरू ठेवून. एक अंश वर ठेवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं, आणि मी घरोघरी मीटर लावून जे पाहिलं ते याच्याशी जुळतं. कूलरला पाणी लागतं हे खरं. ज्या आठवड्यात पाणीकपात असेल त्यात त्याचा विचार करा.

एवढं सगळं केल्यावर तुमचा वापर पावसाळ्यात पावणेदोनशे, थंडीत दोनशे दहा आणि उन्हाळ्यात पावणेतीनशेच्या आसपास येईल. सरासरी २२० ते २३०, वर्षाला २,७००. कोणाची गैरसोय न करता. सासूबाईंची अंघोळ गरम पाण्याचीच राहील, पंखा तेवढाच वारा देईल.

आता इथे पुष्कळ जण म्हणतात, मग दोनच किलोवॉट बसवू. पैशाच्या हिशेबाने बरोबर आहे. पण तुमच्या घरात विजेशिवाय आणखी दोन इंधनं जळतात, त्यांचं बिल महावितरणकडून येत नाही म्हणून ती आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत. १४.२ किलोचा सिलिंडर आणि पेट्रोल. देशातल्या गॅसचा अर्ध्याहून जास्त आणि कच्च्या तेलाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बाहेरून येतो. मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोंमधून निघालेल्या टँकरांच्या रांगा तुम्ही महामार्गावर पाहिल्या असतील. आपली रोजची धावपळ त्यांच्यावर उभी आहे.

एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला ११० ते १२५ युनिट लागतात. तुमच्याकडे महिन्याला एक सिलिंडर लागतो असं धरतो. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर न्या असं मी म्हणणार नाही. भाकरी-पोळी फुलवायला आच लागते, आणि सासूबाईंच्या हाताला बसलेली सवय मोडायची गरज नाही. पण सकाळी साडेदहाचा कुकर, दूध, डाळ, चहा, भाज्या शिजवणं हे इंडक्शनवर गेलं तरी निम्मा सिलिंडर वाचतो. त्याला महिन्याला साठेक युनिट. तुमचे मिस्टर अंबडला एमआयडीसीत जातात, रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर. इलेक्ट्रिक स्कूटर शंभर किलोमीटरला तीन युनिटच्या आसपास घेते, म्हणजे महिन्याला वीस युनिट. मुलीच्या क्लासची दुसरी गाडी कधी बदललीत तर आणखी तेवढेच. वर्षाचा हिशेब केला तर घराचे २,७००, स्वयंपाकाचे ७००, दोन गाड्यांचे साडेचारशे. मिळून ३,८५०. तीन किलोवॉटमध्ये बसतं, आणि धूळ, ढगाळ वर्ष आणि प्लेटांची वर्षाला अर्धा टक्का होणारी झीज यांच्यासाठी थोडी जागाही राहते.

मला यात समाधान वाटतं ते याच गोष्टीचं. तेवढीच गच्ची, तेवढ्याच प्लेटा, तोच दोन लाखांच्या आतला खर्च, आणि घरात येणारं इंधन निम्मं.

आता पाच किलोवॉटबद्दल. पीएम सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं अनुदान आहे. तीनला ७८,००० मिळतात आणि तिथेच ते थांबतं. चौथ्या-पाचव्या किलोवॉटला काही नाही. नेट मीटरमध्ये जादा वीज खात्यावर जमा होते आणि पुढच्या महिन्यांत वापरता येते, पण ३१ मार्चला वर्ष संपलं की उरलेल्या युनिटना मिळणारा दर आपण भरतो त्या दराच्या जवळपासही नसतो. गरजेपेक्षा जास्त बसवून वीज विकण्याचा धंदा घरगुती ग्राहकाला परवडत नाही. वेंडर पाच सुचवतो कारण त्याची उलाढाल वाढते, आणि "पुढेमागे एसी घ्याल" हे वाक्य प्रत्येक घरात लागू पडतं. मी अशी बरीच घरं पाहिली आहेत जिथे सोलर आल्यावर वर्षभरात दोन एसी आले, गिझर दिवसभर चालू राहू लागले, आणि ग्रिडमधून येणारी रात्रीची वीज होती त्याहून वाढली. वीज फुकट आहे ही भावना घरात शिरली की ते होतं. त्यासाठीच मी आधी वापर कमी करायला सांगतोय. नंतर कोणी करत नाही.

रात्रीच्या विजेचं का म्हणतोय, ते सांगतो. माझं शिक्षण नाशिकरोडला झालं. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आम्हाला लांबून दिसायच्या, आणि कोळशाच्या मालगाड्या स्टेशनवर थांबलेल्या असायच्या. २१० मेगावॉटचे तीन संच, मिळून ६३०. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो, आणि आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. ही वीज वाईट म्हणून मी सांगत नाही. त्या केंद्राने आमच्या अख्ख्या परिसराला रोजगार दिला, आणि आमच्या पिढीने त्याच विजेखाली अभ्यास केला. पण एक युनिट म्हणजे पाऊण किलो कोळसा, हे डोक्यात पक्कं बसलं तेव्हापासून मला रिकाम्या खोलीतला पंखा चालू बघवत नाही.

आता दिवसा राज्यात सौर वीज भरपूर असते. ताण येतो संध्याकाळी सहा ते दहा, जेव्हा ऊन गेलेलं असतं आणि घरोघरी सगळंच चालू होतं. तेव्हा कोळसा आणि पाणी कामाला लागतं. भंडारदऱ्याला गेलात तर पुढे घाटघरला २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र आहे. मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि मागणीच्या वेळी तेच खाली सोडून वीज करायची, असं ते चालतं. म्हणजे संध्याकाळचा एक युनिट देण्यासाठी आधी सव्वा युनिटहून जास्त खर्चावा लागतो. म्हणून नेट मीटरवर बिल शून्य दिसलं तरी दुपारी दिलेली वीज आणि रात्री घेतलेली वीज सारखी नसते. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री, स्कूटरचं सुट्टीच्या दिवसाचं चार्जिंग, दळण-वाटण हे सकाळी नऊ ते चारमध्ये उरका. टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत द्यायला सुरुवात झालीच आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे सोलर नाही त्यांनाही याचा उपयोग आहे. हिरवी राहणी म्हणतात त्यात मला ही सवय सगळ्यात वरची वाटते, आणि तिला पैसा लागत नाही.

उभारणीतल्या काही गोष्टी, ज्या कोटेशनमध्ये दिसत नाहीत.

लाईट गेली की तुमचं सोलरही बंद होणार. भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून झटका बसू नये म्हणून साध्या ग्रिड इन्व्हर्टरला (प्लेटांची वीज घरात आणि महावितरणच्या तारांत सोडणारं यंत्र) तसं बनवलेलंच असतं. बऱ्याच ग्राहकांना हे पहिल्या वळवाच्या पावसात कळतं आणि ते वेंडरशी भांडतात. बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर हे टळतं, पण खर्च बराच वाढतो. शहरात, जिथे लाईट तास-दोन तासच जाते, तिथे मी तो घ्यायला सांगत नाही. घरात छोटा इन्व्हर्टर असेलच, तो राहू द्या.

सावली बघा. प्लेटेच्या एका कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन घसरू शकतं. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे खाली असतो आणि सावल्या लांब पडतात, त्यामुळे मे महिन्यात केलेली पाहणी फसवी असते. प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून, साधारण वीस अंशांच्या उतारावर. नाशिकचा अक्षांश तेवढाच आहे. गच्चीच्या उत्तर कडेला बसवल्या तर दक्षिणेकडची मोकळी जागा वाळवणाला राहते. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण कुरडया-पापडांची जागा गेली म्हणून घरातल्या बायका सोलरवर नाराज झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शेजारच्या आंब्याची सावली येत असेल तर झाड तोडायचं कोणाच्या मनातही येऊ देऊ नका. प्रत्येक प्लेटेला वेगळा मायक्रो इन्व्हर्टर लावता येतो, नाहीतर त्या बाजूच्या दोन प्लेटा कमी करा. हरित ऊर्जेसाठी भरलेलं झाड पाडणं मला कधीच मान्य झालेलं नाही, आणि अशी कामं मी घेत नाही.

स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं, आहे ना, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत ना, अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे आहेत ना (एसी म्हणजे घराच्या विजेच्या बाजूचा, डीसी म्हणजे प्लेटांच्या बाजूचा, आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा), हे स्वतः बघा. वळवाचं वारं मे महिन्यात काय करतं ते आपल्याला माहीत आहे. गारपिटीची भीती सगळे विचारतात. प्रमाणित प्लेटेची चाचणी २५ मिलिमीटरच्या गारेने घेतलेली असते, त्याहून मोठ्या गारांसाठी घराच्या विम्यात सोलरची नोंद करून घ्या. अनुदानासाठी प्लेटा आणि त्यांतले सेलही देशात बनलेले लागतात, त्याचा कागद मागून ठेवा. कोरड्या महिन्यांत पंधरा दिवसांनी प्लेटा धुवायच्या, सकाळी ऊन चढायच्या आत आणि शक्यतो नळाच्या पाण्याने. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसले की निघत नाहीत.

गच्चीवर छोटी पवनचक्की लावावी का, हेही मला अनेकदा विचारलं जातं. लावू नका. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्शावर येते, आणि घरांच्या गर्दीत वारा अडतो. पट्टा किल्ल्याच्या बाजूच्या डोंगरधारेवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच तिथे नाहीत.

प्लेट बनवायलाही ऊर्जा लागते, मग फायदा काय, असा एक प्रश्न असतो. आपल्या उन्हात ती ऊर्जा साधारण एक-दोन वर्षांत भरून निघते आणि प्लेट पंचवीस वर्षं चालते. जुन्या प्लेटांचं काय, ही चिंता खरी आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटाही आल्या आहेत. तुमच्या प्लेटा उतरतील तोवर ती व्यवस्था मजबूत व्हायला हवी, आणि तोपर्यंत फुटलेली प्लेट भंगारवाल्याला देऊ नका.

आता भावाचं. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरापर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा पंप मिळतो. रात्री-अपरात्री लाईट आली म्हणून बागेत जाणं, बिबट्याची आणि विंचूकाट्याची भीती, हे सगळं जातं. दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला याचं मोल सांगायला नको. पंप घ्यावाच.

पण त्याला माझा एक निरोप द्या. विजेचा खर्च संपला की बोअर दिवसभर चालू ठेवायला हात आखडत नाही. आजवर लाईट आठ तास यायची, तोच पाण्यावरचा लगाम होता. सौर पंप तो काढून टाकतो. द्राक्षाला ठिबक आहे म्हणून पाणी वाचतंय असं आपण धरतो, पण बोअर उपसून शेततळं भरून ठेवलं की उघड्या तळ्यातून उन्हाळाभर पाणी उडतं, आणि पलीकडच्या लहान शेतकऱ्याची विहीर कोरडी पडते. त्याने बोअरची पातळी दर महिन्याला दोरी सोडून मोजावी आणि लिहून ठेवावी. पातळी खाली जात असेल तर पंपाचे तास त्यानेच कमी करायचे. जमल्यास पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गाळून बोअरभोवती मुरवायचं. जनावरं चार-पाच असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस त्याच्या घरी छान चालेल. रोज पन्नासेक किलो शेण लागतं, आणि निघणारी स्लरी बागेला देता येते. थंडीत गॅस कमी पडतो, डिसेंबर-जानेवारीत सिलिंडर हाताशी असू द्यावा. निफाड पट्ट्यात तर पारा फारच उतरतो.

तुमच्या फ्लॅटमधल्या बहिणीसाठीही लिहितो. स्वतःची गच्ची नसेल तरी सोसायटीच्या लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्याचे दिवे आणि गाड्यांचं चार्जिंग यांसाठी सामाईक सोलरला किलोवॉटमागे १८,००० अनुदान आहे. सभेत ठराव करून घ्यावा लागतो, तेवढंच काय ते अवघड. पंखे, फ्रिज आणि दुपारचा वापर हे तर फ्लॅटमध्येही लगेच करता येतं.

क्रम असा ठेवा. पंखे याच महिन्यात. सोलर वॉटर हीटर दिवाळीच्या आत, थंडीपूर्वी. त्यानंतर दोन-तीन बिलं येऊ द्या, वापर खरंच उतरला का ते बघा, आणि मग पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर तीन किलोवॉटचा अर्ज भरा. वेंडर त्या पोर्टलच्या यादीतलाच घ्या. दोन लाखांपर्यंतचं कर्ज राष्ट्रीयीकृत बँका तारणाशिवाय देतात. इंडक्शन सोलर चालू झाल्यावर, आणि स्कूटर जुनी गाडी थकेल तेव्हा. धावती गाडी मोडीत काढून नवी घेण्याची घाई नको.

त्याआधी एक काम. उद्यापासून आठवडाभर सकाळी सहाला, अंघोळी उरकल्यावर नऊला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला मीटरचं रीडिंग वहीत लिहा. सासूबाईंना सांगितलंत तर त्या आवडीने करतील. सहा ते नऊमधला आकडा तुमचा गिझर दाखवेल, सहा ते दहामधला तुमचा संध्याकाळचा भार. ते आकडे कळवा, हीटर दीडशेचा घ्यायचा की दोनशेचा ते त्यावरून सांगतो.